वरमाईचा हंडा

थडीपांगऱ्याच्या शिवकन्याअक्काला आजवर आठ-दहा ठिकाणी तरी मानाची खुर्ची मिळाली असेल. त्यातल्या एकाही खुर्चीला तिचा फारसा सहवास लाभलेला नाही. परभणीच्या एका सत्कारात पाहुणे शाल घेऊन उठले तेव्हा अक्का व्यासपीठावर नव्हतीच. ती सभागृहाच्या मागच्या दाराशी, पाण्याच्या जारपाशी, दोन अंगणवाडीताईंशी बोलत उभी होती. पाहुणे बिचारे शाल घेऊन तिथपर्यंत चालत गेले. सत्काराच्या सगळ्या फोटोंत बाकीचे लोक स्वच्छ आणि अक्का पुसट. तिचे यजमान राजशेखरशेट म्हणतात, "आमच्या लग्नाच्या अल्बमातबी ती अशीच हाय. मी इतकी वर्षं फोटोवाल्याला शिव्या देत होतो."

हा तिचा दोष बोरीपासूनचा. बोरीला तिचे वडील रेवणप्पा यांचं किराण्याचं दुकान. लहानपणी ही पोर गल्ल्याशेजारी पोत्यावर बसली की तिचा उजवा पाय शिवणयंत्रासारखा सुरू व्हायचा. आता, बसल्या बसल्या पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि ज्याच्या दुकानात लक्ष्मीची रोज ये-जा, त्या माणसानं हा धोका किती दिवस पत्करावा? रेवणप्पांनी दोन वर्षं रागावून पाहिलं, मग नियमच केला. "बसायचं न्हाई. हुबी ऱ्हा. हुब्या माणसाचा पाय हलत न्हाई." तेव्हापासून ती जी उभी राहिली ती राहिलीच.

लग्नात मात्र बसावं लागलं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, अशी रीत. सासरच्यांनी नाव काढलं होतं राजलक्ष्मी. राजशेखरला शोभेल आणि वर लक्ष्मीही घरात येईल, असा दुहेरी हिशेब. ताटाची एक कड नवरीच्या मांडीवर होती. राजशेखरनं कोरून कोरून नाव लिहिलं, आणि लग्न लावणाऱ्या स्वामींनी अक्षता हातात घेईपर्यंत ताटात नुसते तांदूळ उरले. पाय सुरू होता. पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या खेपेला तिची सासू मल्लम्मा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या स्वामी. ही लक्ष्मी काय बसंना झाली." अशा रीतीनं शिवकन्या शिवकन्याच राहिली. यात कुणाला बाईचा हक्क वगैरे दिसला नाही. तांदूळ सांडल्याचंच सगळ्यांना वाईट वाटलं. पण या सांडलेल्या तांदळापायी पुढे एका दुसऱ्याच बाईचं घर जायची वेळ आली, आणि सांगायचं आहे ते तेच.

अक्का राजकारणात आली ती आपल्याकडे बायका येतात तशीच. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, आणि उभं राहायला राजशेखरशेट तयार होते. फॉर्म बायकोच्या नावानं भरला. निवडून शिवकन्या आली आणि हार शेटच्या गळ्यात पडले. शेटनी ते घरी आणून खुंटीला लावले, आणि कारभार आपल्याला करायचा आहे या आनंदात आठवडाभर राहिले. आठव्या दिवशी ग्रामपंचायतीचा शिपाई एक रजिस्टर घेऊन घरी आला.

"अक्का, सही करा. महिला ग्रामसभेची हाय."

"कवा हाय सभा?"

"झाली की."

"कुठं झाली?"

"रजिस्टरात," शिपाई म्हणाला. त्याला प्रश्नच कळेना.

दर ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असा कायदा. गावाला कायदा मान्य होता, फक्त बायकांना घराबाहेर काढायचा त्रास नको होता. म्हणून सभाच घरोघर फिरायची. भाकरी थापता थापता बायका सह्या करायच्या, अंगठे उमटवायच्या, आणि दुपारपर्यंत सभा खेळीमेळीत पार पडायची. अक्कानं उभ्या उभ्या मागची पानं चाळली. पाच वर्षांच्या सभा होत्या. अंगठ्यांना अजून पीठ चिकटलेलं होतं. तिनं रजिस्टर काखेत मारलं आणि चार दिवस परतच केलं नाही. पाचव्या दिवशी महादेवाच्या मंडपात गावातली पहिली बसलेली महिला ग्रामसभा झाली. अकरा बायका आल्या. त्यातल्या तिघी, बाकीच्या कुठं गेल्या हे बघायला आलेल्या. बसलेल्या सभेत अक्का अर्थातच उभी होती.

तिसऱ्या वर्षी मंडप पुरेना. तेव्हा अक्कानं घरांचा विषय काढला. कोणतं घर कुणाच्या नावावर, याची ग्रामपंचायतीत एक वही असते. तिला नमुना आठ म्हणतात. त्या वहीत गावातली घरं एकजात पुरुषांच्या नावावर होती. ज्या बाया ती घरं सारवत होत्या, त्यांना वही कोणत्या रंगाची हेही ठाऊक नव्हतं. घर दोघांच्या नावावर चढवता येतं, असा सरकारी कागद अक्कानं सोनपेठहून आणला आणि त्याला स्वतःची एक पद्धत जोडली. नवरा-बायकोनं सभेत यायचं. बाईनं उभं राहून आपलं नाव आपल्या तोंडानं, मोठ्यानं सांगायचं. नवऱ्यानं मान हलवायची. ग्रामसेवकानं तिथंच लिहायचं.

ग्रामसेवक सिद्धोधनराव म्हणजे जपून पाऊल टाकणारा माणूस, पेनाचं टोपण लावताना दोनदा दाबणारा. ते म्हणाले, "अक्का, आधार कार्ड बघून लिहितो ना."

"भाऊ, बाई जिती-जागती म्होरं हुबी ऱ्हाऊन सांगायलीय, आन् तुमाला कार्ड पायजे? गड्यानं सांगितलं असतं तर मागितलं असतं का?"

सिद्धोधनरावांनी खरं म्हणजे मागितलं असतं. ते सगळ्यांनाच मागतात. पण दीडशे बाया त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी लिहायला घेतलं. तीन दिवसांत दोनशे बारा घरं झाली. काही बायांनी आपलं नाव वीस-तीस वर्षांत पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. सत्तरीच्या कस्तुराबाईनं दोनदा सांगितलं. सिद्धोधनराव म्हणाले, लिहिलंय आजी. ती म्हणाली, "लिव्हलं आसंल, मला ऐकायला बरं वाटायलंय."

यानंतर अक्काचा पाय गावात ठरेना. शेजारच्या गावांनी बोलावलं, मग जिंतूर तालुक्यानं. एसटीच्या दाराशी उभं राहून तिनं सोनपेठ ते येलदरी एवढा जिल्हा पालथा घातला. लोक 'थडीपांगरा पद्धत' असं म्हणू लागले आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात ती शिकवू लागले. शेवटी राज्याचं महिला धोरण ठरवणाऱ्या एका समितीवर तिचं नाव लागलं. मुंबईच्या बैठकीत तिला पहिल्यांदाच मानवेल अशी खुर्ची भेटली. त्या खुर्चीला चाकं होती. जेवणाच्या सुटीपर्यंत अक्का टेबलापासून खिडकीपर्यंत गेलेली होती आणि सूचना तिथूनच देत होती. समितीनं तिच्या पद्धतीची पुस्तिका छापायचं ठरवलं. कव्हरवर तिचा त्यातल्या त्यात स्पष्ट फोटो आणि आत ठळक अक्षरांत एक वाक्य: बाईने सभेत स्वतः सांगितलेले नाव हाच पुरावा.

पुस्तिका छापखान्यात जायला महिनाभर होता तेव्हा कडूबाई आली.

कडूबाई जोगदंड रस्त्याच्या तोंडाशी राहते. दोन खोल्यांचं घर, दारात दोन शेळ्या. पोटी लेकरू नाही. नवरा भुजंग गेल्या दिवाळीत गेला. तिच्या हातात पंचायत समितीचा कागद होता, आणि तो तिनं असा धरला होता की जसा काही तो चावेल.

"अक्का, ह्ये काय म्हणायलंय बगा बरं."

अक्कानं उभ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. हरकत घेतली होती तिच्या दिरानं, व्यंकटरावानं. नमुना आठला या घरावर भुजंग आणि गोदावरी भुजंग जोगदंड अशी दोन नावं आहेत. भुजंग मयत. गोदावरी नावाची कोणतीही बाई आमच्या घरात नाही. माझ्या भावजयीचं नाव कडूबाई असून आधार, रेशन, मतदान, सगळीकडे तेच आहे. सबब खोटं नाव कमी करून वडिलांचं घर म्हणून ते माझ्या नावे लावावं. नऊ दिवसांनी सुनावणी.

"कडूबाई, तू गोदावरी कवा झालीस?"

"लग्नात. तांदळात लिव्हलं की."

"आन् कडू?"

"माज्या आदी तीन लेकरं गेली होती मायची. म्हून कडू ठिवलं. येम आला तर थुकून जाईल म्हून. सासरी म्हणले, ज्वारीच्या घरात कडू नगं. गोदावरी केलं."

आधारचं काय झालं, तेही निघालं. कार्डवाले येलदरीला आले तेव्हा ती तिथं माहेरी, आईच्या दुखण्यात होती. भावानं नाव सांगितलं, भावाला तिचं एकच नाव ठाऊक. पुढची सगळी कार्डं त्या एका कार्डाच्या पोटातून निघाली.

"मग सभेत कडूबाई कामून न्हाई सांगितलंस?"

कडूबाईनं अशा नजरेनं पाहिलं की शिकली-सवरलेली बाई हे विचारतेय याचंच तिला नवल वाटत असावं. "सासरी हुबं ऱ्हाऊन म्हायेरचं नाव कसं सांगू? तुमी म्हणलात, तुजं नाव सांग. हितं माजं नाव तेच हाय."

अक्का घरी आली आणि ओसरी ते परसदार अशा येरझारा घालू लागली. राजशेखरशेट जेवत होते. ताटासमोरून बायको सहाव्यांदा गेली तेव्हा त्यांनी विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर म्हणाले, "कायद्यानं विधवेला मिळतंच की घर."

"मिळतं. कोर्टात. पंधरा वर्सांनी. तोवर कडूबाईनं शेळ्या कुठं बांधायच्या? सुनावणीतच नाव टिकलं पायजे."

"हे तुला आदीच सुचाया पायजे होतं."

"कसं सुचंल? मला एकच नाव हाय."

"तेच म्हणायलोय," शेट म्हणाले. "तू ताट हलिवलंस."

कोपऱ्यात मल्लम्मा वाती वळत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "माजं म्हायेरचं नाव नागम्मा."

तीस वर्षं एका स्वयंपाकघरात गेली होती. या बाईच्या गुडघ्याला कोणतं तेल चालतं आणि कोणतं चालत नाही, हे अक्काला पाठ होतं. नाव ठाऊक नव्हतं. ती थांबली. "मग कदी सांगितलं न्हाई आत्या?"

"तू इचारलंस का? तू तर साऱ्या जिल्ह्याला इचारत फिरायलीस."

दुसऱ्या दिवशी अक्का नमुना आठची नक्कल घेऊन दारोदार फिरली. दोनशे बारा बायांपैकी एकशे त्रेसष्टजणींची कार्डावर एक आणि वहीत दुसरीच नावं निघाली. कुणाची शांताबाई वहीत रुक्मिण झाली होती, कुणाची फुलाबाई वहीत सरस्वती. एवढ्या घरांना आज नसला तरी उद्या एकेक व्यंकटराव होताच. आणि पुस्तिका छापली की हाच घोळ गावोगाव सुबक अक्षरांत पोचणार होता. पण तारीख कडूबाईची होती, आणि ती आठ दिवसांवर आली होती.

सिद्धोधनरावांनी सांगितलं, "प्रतिज्ञापत्र आज केलं तर ते म्हणतील, आज केलं. साक्षीला बाया आणल्या तर म्हणतील, अक्काच्याच बाया. जुना काही तरी पुरावा पाहिजे. भुजंगराव हयात असतानाचा."

'मी म्हणलो होतो' असं ते म्हणाले नाहीत. पेनाचं टोपण मात्र तीनदा दाबलं. अक्काला ते जास्त लागलं.

मग सुरू झाली शोधाशोध. अक्का येलदरीला जाऊन आली. लग्नपत्रिका सापडली, पण पत्रिका लग्नाच्या आधी छापतात, तिच्यात कडूच. शाळेचा दाखला नाही, कारण शाळा नाही. रेशनच्या कचेरीत जुनी कार्डं पावसानं भिजून एकमेकांना चिकटलेली. गोदावरी गावातल्या प्रत्येकाच्या तोंडात होती. कागदावर, त्या एका नमुना आठशिवाय, कुठंच नव्हती. अक्काचं जेवण उभ्यानं, बोलणं चालताना, आणि झोप एसटीच्या दांड्याला धरून. एकदा ती सोनपेठच्या बाजारातून व्यंकटरावाच्याच मोटारसायकलीवर मागे बसून आली, दुसरी गाडी नव्हती म्हणून.

"व्यंकटराव, तुमाला हे घर कशाला पायजे ओ?"

"रस्ता मोठा झाला अक्का. शटर काढायचंय. पोरगं रिकामं हाय. वैनीला मी काय रस्त्यावर टाकायलोय का? मागच्या खोलीत ऱ्हाईल की."

"तिच्याच घराच्या मागच्या खोलीत?"

"तुमी लय हलता बगा मागं," व्यंकटराव म्हणाले. "गाडी डगमगायलीय."

सुनावणीला दोन दिवस राहिले. अक्का कडूबाईकडे गेली ती 'काही सापडलं नाही' हे सांगायला. पण ते वाक्य तोंडातून निघेना. कडूबाईनं पाट टाकला. "टेका अक्का. च्या ठिवते." अक्का पाटाला वळसा घालून भांड्यांच्या फळीकडे गेली. तिच्या हातांना काही तरी लागतं. तिनं ताटं मोठ्यापासून लहानापर्यंत लावली, पेले पालथे घातले, आणि सवयीनं भांड्यांवरची नावं वाचू लागली. आपल्याकडे भांडं देणाऱ्यानं स्वतःचं नाव कोरलं नाही तर ते दिलं असं धरत नाहीत. एक तांब्या कुणा मामाकडून, एक परात वास्तुशांतीची. सगळ्यात वर पितळेचा हंडा. त्यात ज्वारी. अक्कानं तो खाली घेतला आणि उजेडाकडे फिरवला.

चि. व्यंकट यांचे विवाहप्रसंगी वरमाई सौ. गोदावरी भुजंग जोगदंड यांस सप्रेम भेट. दि. १४-५-१९९८.

"कडूबाई, ह्ये काय हाय?"

"ते व्हय? व्यंकटच्या सासरवाडीनं दिलेला. सासूबाई तवा न्हवत्या. वरमाई मीच बसले की." ती साखर शोधत होती. "चोवीस वर्साची होते. वरमाई बसले तर पाव्हण्यांच्या बाया हसायल्या."

"आगं बाई, आठ दिस मी जिल्हा पालथा घातला. तू बोलली न्हाईस?"

"तुमी कागद मागत होतात," कडूबाई म्हणाली. "ह्यो हंडा हाय."

बातमी गावात फिरली आणि बायका आपापल्या फळ्या उपसू लागल्या. वहीत बसलेलं नाव घरोघर भांड्यांवर आधीच बसलेलं होतं. बाईचं सासरचं नाव शाळेत नाही, कचेरीत नाही, तांबटाच्या छिन्नीखाली नोंदलं जातं, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सुनावणीच्या सकाळी एसटी थांब्यावर चाळीस बाया उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कडेवर एकेक भांडं. आज कडूबाईची पाळी, उद्या आपली, तर आजच सायबाला दाखवून येऊ, असा सरळ विचार. कंडक्टरनं गाडीभर नजर फिरवली. "भांड्याला तिकीट न्हाई. पर मांडीवर घ्यायचं. आन् मांडी म्हणजे बसायचं."

चैत्राचं ऊन होतं. चाळीस बाया हंडे, घागरी, कळश्या घेऊन पंचायत समितीच्या फाटकातून आत शिरल्या. आता चैत्रात बाया भांडी घेऊन कचेरीत आल्या, तर त्याचा अर्थ लावायला कुणाला पुस्तक उघडावं लागत नाही. शिपायानं फाटक लावायला घेतलं, पण तोवर बाया आत होत्या. पाण्याचं खातं बघणारे साहेब मागच्या दारानं निघाले होते. त्यांना कुणी तरी गाठलं, तेव्हा ते हात जोडून पुढे आले.

"ताई, घोषणा देऊ नका. उद्या सकाळी टँकर पाठवतो."

"पाण्याचं न्हाई ओ आमचं," एकजण म्हणाली.

"दोन पाठवतो."

"आवं, आमी नावाचं सांगायला—"

कस्तुराबाईनं तिला कोपर मारलं. "दोन पाठवतो म्हणायलेत तर पाठवू दे की. तुजं काय चाललंय मधी?"

सुनावणी मोठ्या साहेबांच्या खोलीत होती. साहेब तरुण होते. व्यंकटराव परीटघडीची टोपी घालून खुर्चीत बसले होते. साहेबांनी अक्काला खुर्ची दाखवली; अक्का खिडकीशी उभी राहिली. व्यंकटरावानं आपलं म्हणणं सांगितलं. गोदावरी नावाची बाई आपल्या घरात कधी नव्हती, नाही. कार्डं टेबलावर पसरली. ती खरी होती. मग कडूबाईनं पदर सावरून हंडा त्या कार्डांवर ठेवला. ज्वारीचे दोन दाणे टेबलावर घरंगळले.

"ह्ये फाइलीला कसं लावू साहेब?" लिपिकानं विचारलं. त्याच्या हातात पंचिंग मशीन होतं.

साहेबांनी हंडा हळूहळू फिरवत वाचला. फिरवून फिरवून तो पुन्हा पहिल्या शब्दावर आला तेव्हा त्यांनी मान वर केली.

"व्यंकटराव, तुमचं लग्न चौदा मे अठ्ठ्याण्णवला झालं?"

"व्हय."

"वरमाई कोण बसलं होतं?"

दारात बायांची गर्दी. व्यंकटरावानं टोपी काढली, मांडीवर ठेवली. अक्काचा उजवा पाय उभ्या उभ्या सुरू झाला होता. रेवणप्पांचा सिद्धांत तिथं खोटा पडला.

दारातून कस्तुराबाई म्हणाली, "सांग की व्यंकट. तुज्या हळदीला मीच बसले होते जात्यावर."

"वैनी," व्यंकटराव म्हणाले.

"कोणती वैनी?" साहेबांनी विचारलं.

"एकच हाय."

"मांडवात रुसला होता ह्यो," कडूबाईनं साहेबांना सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. "घड्याळ पायजे म्हून. बोहल्यावर चढंना. मीच समजूत घातली. आईसारकी हाय म्हणला तवा मला, सगळ्या पाव्हण्यांत."

व्यंकटराव हंड्याकडे बघत राहिले. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. तेच होतं की दुसरं, देव जाणे. ते म्हणाले, "साहेब, मला फक्त शटर काढायचं होतं."

साहेबांनी कागद ओढला. आता सगळं झालंच होतं, अक्कानं गप्प राहायला हरकत नव्हती. तिला ते जमलं नाही.

"साहेब, आनखी एक लिवा. ही गलती व्यंकटरावाची कमी आन् माजी जास्त हाय. ग्रामसेवक कार्ड मागत होते, मीच घेऊ दिलं न्हाई. आमच्या गावात एकशे त्रेसष्ट बायांचं असंच झालंय. त्यातल्या चाळीस बाहेर हुब्या हायेत, भांडी घेऊन."

साहेब चमकले. "अहो, प्रशिक्षणात आम्हाला तुमचीच पद्धत शिकवली होती."

"ती अर्धी शिकवली. मला तवा अर्धीच येत होती."

तिथून ती जिन्यात आली आणि मुंबईला समितीच्या बाईंना फोन लावला. बोलता बोलता तिनं तो जिना चार वेळा चढून उतरला.

"मॅडम, ती पुस्तिका थांबवा. नाव सांगितलं की झालं, असं लिवू नका. माहेरचं काय, सासरचं काय, दोनी इचारा, दोनी लिवा. रकानाच वाढवा."

पलीकडून काही तरी लांबलचक आलं.

"कव्हर छापलं आसंल तर माजा फोटो काढून टाका. तसाबी दिसत न्हाई." मग पलीकडचं ऐकून, "न्हाई मॅडम, पद्धत चुकीची न्हाई. इचारणारी चुकली. तिला वाटलं, सगळ्यांना एकच नाव असतंय."

निकाल बाराव्या दिवशी आला. हंडाही तोवर कचेरीतच होता. फाइलीला लावता येईना म्हणून लिपिकानं त्याचे चारी बाजूंनी फोटो काढून लावले होते, आणि मधल्या काळात प्यायचं पाणी त्यात भरलं होतं. अक्कानं सही करून दोन्ही ताब्यात घेतलं. एसटीत कंडक्टर तोच. "भांडं मांडीवर," तो म्हणाला. सोनपेठ ते थडीपांगरा अक्का आयुष्यात पहिल्यांदा एसटीत बसून आली. वाटभर मांडीवरचा हंडा तिच्या पायाच्या तालावर पुढच्या सीटच्या दांडीला घासून वाजत होता, आणि पुढच्या सीटवरची माणसं सारखी मागे वळून बघत होती.

कडूबाईच्या दारात तिनं निकाल वाचून दाखवला. गोदावरी ऊर्फ कडूबाई भुजंग जोगदंड, यांचे नाव कायम. कडूबाईनं 'ऊर्फ' म्हणजे काय ते विचारलं. अक्कानं सांगितलं. कडूबाईनं ते दोनदा म्हणून पाहिलं, मग हंडा पुसून फळीवर ठेवला, पण वर नाही. खाली, दारातून दिसेल असा. गावात दोन टँकरही येऊन गेले होते, त्यामुळे चहाला पाणी मुबलक होतं.

अक्का उंबऱ्यावर टेकली. एसटीत बसायची सवय लागली असावी. पाय सुरू झाला.

"पाय नका हलवू अक्का," कडूबाई आतून म्हणाली. "लक्ष्मी जाती."

"जाऊन जाऊन कुठं जाईल? नमुना आठवर चढिवलीय तिला."

कडूबाई हसली. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा उंबरा मोकळा होता. अक्का नकलेची वही काखेत मारून शेजारच्या घराच्या दारात उभी होती, आणि आतल्या फुलाबाईला, म्हणजे वहीतल्या सरस्वतीला, फळीवरची भांडी एकेक करून खाली काढायला लावत होती. कडूबाईनं बशी झाकली आणि चहा तिकडेच नेला.